थोडंच बोल

त्रिशला हे तिचं सासरचं नाव. अथणीकडच्या माहेरी ती चंपव्वा होती. लग्न होऊन सांगलीजवळच्या या गावात आली, तेव्हा कुणी ‘त्रिशला’ म्हणून हाक मारली, तरी ती दुसऱ्या कुणाला तरी असेल अशा समजुतीनं चुलीपुढं बसून राहायची. मग सासू, अक्काताई, ओसरीवरून ओरडायची, “कानडे, तुलाच बोलावत्यात!”

नवरा जिनदत्त लोकांना सांगायचा, “शिकंल की वर्षभरात. भाषा शिकायला काय लागतंय?” त्याला स्वतःला मराठीखेरीज दुसरं काही येत नव्हतं.

वर्षभरात तिला एवढंच कळू लागलं, की घरात आपल्याला काय काय म्हणतात. त्यापेक्षा न कळण्याचे दिवस बरे होते. उत्तर देता यायला आणखी काही वर्षं गेली. ती ‘बैल आली’ म्हणाली की अंगणात हशा पिकायचा आणि संध्याकाळी पाव्हण्यांपुढं तिची नक्कल व्हायची.

मुलगी झाली तेव्हा अक्काताईनं बजावलं, “पोरीच्या कानावर कानडी पडता कामा न्हाई.” तिला अंगाई तर कानडीतच येत होती. दळणाचं निमित्त काढून ती शेजारच्या धोंडुबाईकडं गेली, एक मराठी अंगाई पाठ करून आली आणि अडखळत लेकीला म्हटली. लेक झोपली. आपण परक्याचं मूल निजवलं, असं तिला वाटत राहिलं.

लेकीचं नाव चंदनबाला. ती वाढत गेली तशी आईची मराठीही वाढली. त्रिशला आता हळदीच्या रानात बायकांना कामाला लावायची, बाजारात भाव पाडायची, भांडायचीसुद्धा. सूर तेवढा गेला नाही. वाक्याचं शेवटचं टोक अजून वर उचललं जायचं.

पंचाहत्तर साली चंदनाला कऱ्हाडचं स्थळ आलं. मुलगा कोयनानगरला ओव्हरशियर होता.

“शिकलेली माणसं हायती,” अक्काताई म्हणाली. “तू त्वांड उघडू नगंस. पोरीचं मोडंल.”

त्रिशलानं लेकीकडं बघितलं. चंदना साडीच्या निऱ्या करत होती. “आई, तू नुसतं हस,” ती म्हणाली.

पाहुणे आले. मुलाची आई मोकळ्या स्वभावाची होती, सरळ स्वयंपाकघरात येऊन बसली. “चिवडा घरचाच का हो?” त्रिशला हसली. “माहेर कुठलं तुमचं?” त्रिशला पुन्हा हसली. त्या बाईनं तिच्याकडं जरा निरखून पाहिलं आणि ती चिवडा न संपवताच उठली.

आठवड्यानं मध्यस्थ सुकुमारअण्णा निरोप घेऊन आले. “मुलगी पसंत हाय त्यास्नी. पन आई मुकी हाय म्हणत्यात. उद्या नातवंडांत उतरलं तर?”

मग अक्काताई कडाडली, “एरवी दिसभर त्वांड चालतंय की तुजं! तवाच बरी दातखीळ बसली?”

“तुमीच गप बस म्हणालासा.”

“म्हून एवढं गप?”

जिनदत्तनं तोडगा काढला. “उद्या कऱ्हाडला जाऊ. त्यांच्यापुढं बोलून दाखव, म्हंजे मिटलं.”

त्रिशलानं लेकीला विचारलं, “तू सांग. बोलू?”

“बोल की,” चंदना म्हणाली. मग खाली बघतच पुढं म्हणाली, “पण थोडंच बोल.”

एसटीत जिनदत्तनं तिच्याकडून घोकून घेतलं. “‘आमची मुलगी गुणाची आहे.’ म्हण बघू. ‘हाय’ नगं, ‘आहे’ म्हणायचं हाय.” तिनं म्हटलं. पण मनात ती दुसरंच वाक्य जुळवत होती. कोयनेला मोठा भूकंप होऊन आठ वर्षं झाली, तरी जमीन अजून हलते म्हणतात. मुलगा कामावर गेल्यावर माझी पोर तिथं एकटी असेल का? हे तिला त्या बाईला विचारायचं होतं. कऱ्हाड येईपर्यंत तिनं ते चारदा मनात नीट बसवलं.

कऱ्हाडच्या घरी सगळे तिच्याकडं बघत बसले. जिनदत्तनं मान हलवून खूण केली.

“आमची मुलगी गुणाची आहे,” ती म्हणाली.

“अगं बाई, बोलतात की हो!” मुलाच्या आईनं आतल्या बायकांनाही हाक मारली. “कानडी आहात होय? मग त्यात लपवायचं काय?” आणि एकेक शब्द सुटा करून, मोठ्यानं तिनं विचारलं, “चहा... घेणार... ना?”

त्रिशलानं मान डोलावली. दुसरं वाक्य ओठांवर तयार होतं. लेकीचं ‘थोडंच’ तिला आठवलं. तोवर पुरुषांनी पंचांग उघडलं होतं.

परतीच्या एसटीत जिनदत्त खुशीत होता. मांडव कुठं घालायचा, आचारी कोण सांगायचा, याबद्दल तो सांगलीपर्यंत बोलत राहिला. त्रिशला एक शब्दही बोलली नाही. ते त्याच्या ध्यानात आलं नाही.