नोबल पार्कमधलं सेगोव्हिया

या, असे दाराशी काय उभे राहिलात? आत या, जवळ बसा. आणि एक बोलू का, रागावू नका, पण इतके दिवस होतात कुठे? फोन नाही, निरोप नाही. मास्क गेले, दीड मीटरची अंतरं गेली, आणि तुम्ही आपले अजून कोपरा धरून. सरका इकडे. त्या खुर्चीत नको, तुमच्या आड मला समोरचं घर दिसत नाही, आणि मला सांगायचंय ते त्याच घराचं.

"मंडळी, मागे कोणी राहिलं नाही ना?"

समोरचे काका असं रोज विचारायचे. छत्री उंच धरलेली, छत्रीच्या टोकाला लाल रुमाल बांधलेला, गळ्यात शिट्टी. आणि मंडळी कोण, तर मी एकटी! मागे राहिले तरी मीच, पुढे गेले तरी मीच. तरी हा माणूस मान उंच करून माझ्या पाठीमागे बघायचा, जशी काही तिथे पन्नास माणसांची बस रिकामी होतेय.

दुसऱ्या वर्षीच्या लॉकडाउनची ही गोष्ट. मेलबर्नमधले नियम आठवतात ना? पाच किलोमीटरच्या आत राहा, व्यायामाला बाहेर पडा, बरोबर घरचं माणूस, नाहीतर बाहेरचं फक्त एक. ते बाहेरचं एक म्हणजे मी. मुलगा आणि सून दिवसभर कॉम्प्युटरसमोर, नात तिच्या ऑनलाइन शाळेत. मला डॉक्टरांनी चालायला सांगितलेलं. काका म्हणाले, "वहिनी, चला माझ्याबरोबर." मला वाटलं शेजारधर्म. पहिल्याच सकाळी त्यांनी हातात चिवड्याची पुडी ठेवली आणि म्हणाले, "हा आपला नाश्ता. सेगोव्हियाच्या सहलीवर आपलं स्वागत आहे."

मी म्हटलं, "कुठल्या?"

सेगोव्हिया म्हणजे स्पेनमधलं गाव, हे मला तेव्हा कळलं. समुद्र नाही, किनारा नाही, देशाच्या पार मध्यात. तिथे रोमन लोकांनी बांधलेला एक पूल आहे, पाणी आणायचा. दगडावर दगड ठेवलाय नुसता, मध्ये चुना नाही की काही नाही, आणि शतकानुशतकं उभा आहे. काका नाशिकला पाणीपुरवठा खात्यात होते. आयुष्यभर गळक्या पाइपांबद्दल लोकांच्या शिव्या खाल्लेल्या माणसाला असा पूल म्हणजे देवच की. साथ यायच्या आधी त्यांनी आपल्याकडच्या टूरवाल्यांकडे तीन जागा ठेवल्या होत्या. ते, काकू आणि काकूंची मोठी बहीण, अक्का. मग साथ आली. सहल रद्द झाली.

आणि दुसऱ्या वर्षीच्या एप्रिलमध्ये अक्का सिन्नरला वारल्या. कोविडनेच. विमानं बंद, काकूंना जाता आलं नाही. फोनवर बघितलं जे काय बघायचं ते. तेव्हापासून काकू रस्त्याकडच्या खोलीत खिडकीपाशी बसायच्या, त्या उठल्याच नाहीत. मध्ये लॉकडाउन उठला, माणसं बाहेर पडली, मी डबा घेऊन गेले, मुलाने गाडी काढली. नाही. फाटकापर्यंतसुद्धा नाही.

आता तुम्हीच सांगा. घरात बायको अशी बसलेली, आणि हा माणूस तिच्या खिडकीखाली उभा राहून शिट्टी फुंकतो! मास्क खाली, शिट्टी, मास्क वर. आणि ओरडून सांगतो, "आज आपण बघणार आहोत सेगोव्हियाचा किल्ला, अल्काझार!" जिथे त्या बिचाऱ्या बहिणीबरोबर जायचं होतं, त्याच गावाचं नाव. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. नातीला सांगितलं तर ती म्हणते, "आज्जी, जस्ट से नो!" जस्ट से नो म्हणे. शेजाऱ्याला असं सांगता येतं का कधी?

तर सहल. आपल्याकडे नोबल पार्कला रेल्वे खांबांवर चढवलीय, तुम्ही बघितलीय. खाली फरसबंदी, बाकं, वर धडधडत गाडी. तो काकांचा रोमन पूल. "बघा वहिनी, कमानी बघा!" मी म्हणायचे, "काका, हे चौकोनी सिमेंटचे खांब आहेत, कमान कुठाय?" तर म्हणायचे, "कल्पना करा. टूरमध्ये कल्पना लागते." एका ग्रीक आजोबांच्या कुंपणाला टोकदार दगड लावलेत, ते झालं सेगोव्हियातलं प्रसिद्ध टोकांचं घर. बंद पडलेलं गालिच्याचं दुकान झालं कॅथेड्रल. आणि ओढा नि पावसाच्या पाण्याचा नाला जिथे मिळतात, तिथलं पत्र्याचं गोदाम म्हणजे अल्काझार, कारण खऱ्या किल्ल्याच्याही दोन अंगांना दोन नद्या आहेत. तिथल्या राणी इसाबेलाचा राज्याभिषेक सांगायला त्यांनी मला गॅरेजसमोर उभं केलं, टायरांच्या ढिगापाशी. थंडीने माझी बोटं निळी पडलेली, आणि हे मला मुकुट कसा होता ते सांगतायत.

बरं, शिस्त केवढी! फोटोला थांबले की "आवरा, मंडळी खोळंबलीत." बाकावर बसले की "उद्या त्या बाजूला बसायचं हं, जागा बदलायच्या, कोणावर अन्याय नको." एकटीवर कसला अन्याय करणार हो?

एकदा पोलिसाने अडवलं. पोरगाच होता, मास्कवर नुसते डोळे. "मॉर्निंग. व्हेअर आर यू ऑफ टू?"

काका म्हणाले, "सेगोव्हिया."

मी मनात म्हटलं, झालं. आता दंड.

पोलीस म्हणाला, "हाऊ फार इज दॅट, मेट?"

"विदिन फाइव्ह किलोमीटर्स, सर."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी कपाळाला हात लावलेला. "नो वरीज," म्हणाला, "नाकावर घ्या तेवढा मास्क." आणि गेला. काका उलट माझ्यावरच चिडले, "वहिनी, परदेशात अधिकाऱ्यासमोर असे हातवारे करू नयेत."

शेवटी एका सकाळी मी फाटकापाशीच त्यांना धरलं. हळू आवाजात म्हटलं, "काका, तुम्हाला काळीज आहे का? आत काकू ऐकतायत. अक्कांची आठवण येत असेल त्यांना. गाव दुसरं घ्या, नाहीतर मुकाट चाला."

ते शिट्टीशी खेळत राहिले. मग म्हणाले, "वहिनी, त्रास होत असेल तर ती खिडकी लावून घेईल की नाही?"

मी वर बघितलं. बाहेर एवढी थंडी, गवतावर दव गोठलेलं, घरोघरी हीटर चालू. आणि काकूंची खिडकी वीतभर उघडी.

"रोज रात्री बंद करते," ते म्हणाले, "आणि सकाळी मी बूट घालायला लागलो की उघडते. मी काही बोलत नाही. तुम्हीही बोलू नका."

मग मी चिवड्याची पुडी घेतली आणि चालायला लागले. राग गेला म्हणू नका हं. माणूस वैतागच होता. फक्त त्या दिवसापासून मी प्रश्न मोठ्याने विचारायला लागले. खिडकीकडे तोंड करून. "काका, तिथे जेवायला काय मिळतं?" तर ते गडबडले. तिथे म्हणे डुकराचं कोवळं पिल्लू भाजतात आणि सुरी न वापरता बशीच्या कडेने कापतात, मग ती बशी जमिनीवर फोडतात. आमचे काका कांदा-लसूणही जेमतेम खाणारे. म्हणाले, "आपल्या मंडळींसाठी वरणभात सांगितलेला आहे."

खिडकीतून नाक ओढल्याचा आवाज आला. रडणं होतं की हसणं, मला कळलं नाही.

पुढच्या आठवड्यात पुलाची गोष्ट निघाली. काका फाटकापाशीच सांगत होते. एक मुलगी होती, रोज डोंगर चढून घागरी वाहायची. कंटाळून तिने सैतानाला म्हटलं, कोंबडा आरवायच्या आत पाणी माझ्या दारात आण, मग माझा आत्मा घे. सैतानाने रातोरात पूल बांधला, आणि शेवटचा एकच दगड राहिला तेवढ्यात—

"अक्का असती," खिडकीतून आवाज आला, "तर तिने सैतानालाच घागरी वाहायला लावल्या असत्या."

काका तोंड उघडं ठेवून उभे. मला मास्कवरूनही दिसत होतं.

"आमच्या गावाला टंचाईत विहिरीवर तीच जायची," काकू म्हणाल्या. आवाज घोगरा, पुष्कळ दिवस न वापरल्यासारखा. "मला म्हणायची, तू लहान आहेस, तू झाड धरून बस. मोठी घागर तिची. पुढे काय झालं? दगड राहिला, मग?"

काकांनी छत्री नुसती या हातातून त्या हातात घेतली.

मी म्हटलं, "मग काय ते पुलाखाली गेल्यावरच कळेल. टूरचा नियम आहे. पण काका, मला आज जमायचं नाही. गुडघा नको म्हणतोय."

"वहिनी, असं ऐनवेळी कॅन्सल करता येत नाही!" ते खरंच घाबरले. त्यांना समजलंच नव्हतं, बघा. मी बरोबर असले की तिसरं माणूस चालत नाही, ते सरकारने सांगितलेलं. जोवर मी त्यांची मंडळी, तोवर काकूंना जागाच नाही.

"रिकामी न्या मग सहल," म्हटलं, आणि माझ्या फाटकाशी येऊन उभी राहिले. लंगडत हं, नीट लंगडत.

दार उघडलं. काकू सपाता घालून पायरीवर आल्या, आभाळाकडे बघितलं, आत गेल्या. मला वाटलं, संपलं. मग बूट घालून आल्या. मग पुन्हा आत गेल्या, स्वेटर आणायला. मग मास्क. मला फोटोपुरतंही थांबू न देणारा तो माणूस छत्री उंच धरून तसाच उभा, पण शिट्टी तोंडाला लावली नाही. फाटकापाशी काकू थांबल्या. एक हात फाटकावर. काकांनी नुसती चिवड्याची पुडी पुढे केली.

काकूंनी ती घेतली आणि म्हणाल्या, "शेंगदाणे कमी आहेत." आणि बाहेर पडल्या.

त्यानंतर मला कोणी विचारलं म्हणता? नाव नको. दोघं रोज पुढे जायचे, मी मुलाला घेऊन मागून, लांबून. काकूंचा आवाज ऐकू यायचा, "अहो, काल तुम्ही कॅथेड्रल या बाजूला सांगितलंत!" माझा गुडघा कसा आहे, तेवढं म्हणून कोणी विचारलं नाही.

सीमा उघडल्यावर ते आधी सिन्नरला गेले. मग खऱ्या सेगोव्हियाला, अक्कांच्या लेकीला घेऊन. तिथून काकूंचा व्हिडिओ कॉल आला. मागे तो पूल, बाई गं, आभाळभर. आणि काका पायरीवर बसलेले, दोन्ही हात मांडीवर, ना छत्री, ना शिट्टी. "सकाळपासून असेच आहेत," काकू म्हणाल्या. "मी मघाशी दगडाला हात लावून आले. गार आहे, वहिनी." भाचीला पुलाची गोष्ट काकूच सांगत होत्या, आणि त्यात सैतान घागरी वाहत होता.

आता ते दोघं नाशिकला असतात. कायमचे गेले. काकूंना भाचीजवळ राहायचं होतं. समोर नवीन जोडपं आलंय, पॅरामॅटाहून बदली होऊन. चांगली मुलं आहेत, पण गाडीतून उतरतात ते घरातच. मी सकाळी जाते एकटीच, खांबांपर्यंत. चालून होतं, पण कोणावर चिडायचं, ते कळत नाही.

चहा गार झाला ना तुमचा? दुसरा टाकते. आणि पुढच्या वेळी असे वर्षाने उगवू नका. ट्रेनने या, स्टेशनवर उतरा, मी खालीच उभी राहीन. या मात्र लवकर.