दोर हातात आलेलं जस्त

तोगाशींची सून किनुयो म्हणजे हसतं-खेळतं माणूस. जपानमधल्या अकितातल्या एका प्रयोगशाळेत ती फेराइटचे, म्हणजे लोखंडाच्या चुंबकी ऑक्साइडचे, थर चढवायची. काचेच्या तुकड्यावर केसाहूनही कितीतरी पातळ थर. तो भट्टीत भाजायचा आणि त्यात चुंबकाचा जोर किती आला ते बघायचं. आळीतल्या म्हाताऱ्यांना वाटे, ही तिकडे पापडच भाजते. तीही म्हणे, "हो, पण खाऊ नका, दात पडतील."

त्या हिवाळ्यात मात्र तिचं हसू आटलं. दरवर्षी वरची आळी आणि खालची आळी यांच्यात बर्फात दोरखेच होई. वरच्या आळीच्या मंडळींनी किनुयोच्या सासऱ्याला, योसाकूला, सांगून टाकलं, "आजोबा, यंदा कडेला उभे राहा." पोरवयापासून वरच्या आळीसाठी ओढलेला गडी! त्यानं पांघरूण डोक्यावरून घेतलं ते घेतलंच. मिसोचं सार गार झालं, धुरावलेला मुळा तसाच राहिला.

"बाबा, दोन घास तरी."

"न ओढणाऱ्याला कशाला घास?"

किनुयो उशाशी बसली. "ऐका. माझ्या फेराइटात लोखंडाच्या अणूंच्या दोन फळ्या असतात. एक इकडे ओढते, एक तिकडे. मोठी फळी जितकी वरचढ, तितका चुंबकाचा जोर. त्यात आम्ही जस्त घालतो. जस्त मुळीच ओढत नाही."

"माझ्यासारखं."

"पण ते जाऊन बसतं धाकट्या फळीत. तिथला लोखंडाचा गडी उठून मोठ्या फळीत येतो. न ओढणारं आलं आणि जोर वाढला! बेतानंच घालायचं हां. फार झालं की धाकटी फळी ढिली पडते, मग मोठीतलेही वाटेल तिकडे तोंडं करतात. कोण किती ओढतं यापेक्षा कोण कुठं बसतं, ते महत्त्वाचं."

पांघरुणातून एक डोळा बाहेर आला. "धाकट्या फळीत, म्हणजे समोरच्यांत?"

"समोरच्यांत."

म्हातारा उठला, दोन वाट्या भात जेवला. किनुयोला वाटलं, चला, समजूत पटली.

संध्याकाळी बर्फात दोर ताणला, आणि बघते तो काय, सासरेबुवा खालच्या आळीच्या रांगेत, जुना वैरी गेन्झो याच्या शेजारी!

"वाट चुकलास का रे?" गेन्झो ओरडला.

"जागा अडवायला आलोय. तुझा एक गडी उठव आणि आमच्याकडे धाड."

खालची आळी खो खो हसली. पण त्यांच्यातला एक घरजावई, मूळचा वरच्या आळीचा, खरंच उठून पलीकडे पळाला.

इशारा झाला. आणि खालची आळी जिंकली.

"बाबा, तुम्ही ओढायचं नव्हतं ना?" घरी येताना किनुयोनं विचारलं.

म्हातारा आपले लाल तळवे बघत होता. "तुझं जस्त ओढत नाही, कबूल. पण त्याच्या हातात दोर दिलाय का कधी कुणी?"

किनुयो बर्फातच बसली, हसून हसून.

सकाळी वरच्या आळीच्या मंडळींचा निरोप आला, "पुढल्या वर्षी आजोबांना आपल्याच बाजूला लावा. तिकडे ते परवडत नाहीत."