लाकडाची गारगोटी

न्युरेम्बर्गच्या त्या हौशी इतिहास मंडळात, म्हणजे फेराइनमध्ये, सरिता नवऱ्याबरोबर कधी गेली नव्हती. म्हाताऱ्यांनी जुने लष्करी कोट घालून बंदुका उडवायच्या, यात तिला काय रस? गुरुदत्तला मात्र वेडच. ऑफिस सुटलं की तो तिथल्या वर्कशॉपमध्ये. गंजून गेलेली एक फ्रेंच ठासणीची बंदूक त्याने दोन वर्षं खपून जिवंत केली. “असल्या बंदुका आपल्या मराठा फौजांतही होत्या,” काळे हात घेऊन तो सांगायचा. कधी चाप सुटा करून घरी आणायचा, आणि सरिता भाजी चिरता चिरता बघायची.

मागच्या हिवाळ्यात तो हार्ट अटॅकने गेला. उन्हाळ्यात फेराइनच्या जत्रेचं पोस्टर लागलं. तीच बंदूक छातीशी धरून अध्यक्ष आइश्लर उभे, खाली ओळ: ‘माझ्या हातांनी पुन्हा जिवंत केली.’

सरिता त्यांना जाऊन भेटली.

“तुमचे मिस्टर?” आइश्लर हसले. “ते नुसतं तेल लावायचे, फ्राउ कामत.”

सरिता उठून बाहेर पडली. बसमध्ये तिने दात इतके आवळले, की जबडा ठणकायला लागला.

जत्रेच्या दिवशी तिने केकच्या टेबलावर काम मागून घेतलं. चापातल्या गारगोटीची ठिणगी पडली तरच बंदुकीची दारू पेटते. सरावासाठी गुरुदत्तने लाकडाची एक गारगोटी केली होती, खऱ्या दगडासारखी काळी रंगवलेली. तिच्यातून ठिणगी पडत नाही. आइश्लर भाषणात रंगले होते, तेव्हा सरिताने शेजारच्या टेबलावर मांडलेल्या बंदुकीच्या चापाचा स्क्रू ढिला केला, दगड काढला आणि लाकूड बसवलं.

आइश्लरांनी नेम धरला. खट्. पुन्हा खट्. कोणीतरी हसलं, मग सगळेच.

“तुम्हीच दुरुस्त केलीत ना?” सरिता पुढे होऊन मोठ्याने म्हणाली. “आल्झो, मग सांगा ना, काय बिघडलंय?”

घामाघूम आइश्लर चाप खालीवर करून बघत राहिले. “हे गुरुदत्तलाच विचारायला...” ते बोलून गेले. कॉलरचा माइक चालूच होता.

हसणं थांबलं. सरिताने खिशातला खरा दगड काढून त्यांच्यापुढे ठेवला.

“मी पोस्टर बदलतो,” ते पुटपुटले.

“राहू दे. सगळ्यांनी ऐकलंय.”

परतताना ट्राममध्ये, जत्रेला बरोबर आलेली लेक ऋचा जर्मनमध्ये म्हणाली, “आई, किती दुष्टपणा केलास!”

“हो, केला,” सरिता म्हणाली. कित्येक महिन्यांनी तिला कडकडून भूक लागली होती.