फिटरच्या वर्गातली मुलींची जागा

सांगणार: मी, तुमसरच्या कचेरीसमोर टेबल मांडून बसणारा अर्जनवीस. जिच्यावर अन्याय झाला ती: पुष्पा, राईस मिलमधील हमाल दसाराम यांची मुलगी. काळ: तिचा दहावीचा निकाल लागला ते दिवस. साक्षीदार: चहावाला गोविंदा, आता हयात नाही. हे प्रकरण मी आजवर कोणापुढेही मांडलेले नाही — पत्नीपुढेही नाही.

माझे शिक्षण नववीपर्यंत. लोक मला वकीलसाहेब म्हणतात आणि मी त्यांना कधी दुरुस्त करत नाही. कचेरीची पायरी चढण्याआधी मिलमधला माणूस माझ्या टेबलाशी येतो, ही इथली रीत. सल्ला दिला की मी रबरी शिक्का टेबलावर आपटत असे — समोर कागद नसला तरी. तो आवाज झाल्यावर पुन्हा कोणी विचारत नसे.

दसाराम मुलीला घेऊन आला. मिलच्या यंत्राचा पट्टा सुटला की मिस्त्री येईपर्यंत हीच चढवते, असे त्याने कौतुकाने, थोडे लाजत सांगितले. पुष्पाने स्वतःच विचारले, "काकाजी, आयटीआयच्या फिटरमध्ये पोरींले घेतात का?"

मला ठाऊक नव्हते. 'ठाऊक नाही, तिथे जाऊन विचारा' — एवढे म्हणायला काय लागत होते? पण भोवती माणसे उभी होती, चहा घेऊन आलेला गोविंदाही. मी म्हणालो, "नियमात बसत नाही. मुलींसाठी शिवणकाम आहे." आणि शिक्का आपटला.

"चाल बाई," दसाराम म्हणाला. "साहेबानं सांगतलं ना."

एवढेच असते तर ते अज्ञान होते. अज्ञानाची मला इतकी लाज वाटली नसती.

त्याच आठवड्यात आयटीआयमधले एक शिक्षक गोविंदाच्या टपरीवर मला म्हणाले की फिटरच्या वर्गात मुलींच्या जागा राखीव असतात, पण त्या रिकाम्याच पडतात. कोणी असेल तर पाठवा. प्रवेश अजून सुरू होते. संध्याकाळी दसाराम तिथेच चहाला आला. मी त्याला काय विचारले असेल? — मिलमध्ये माल किती येऊन राहिला, हे. गोविंदा माझ्याकडे पाहत राहिला. त्यानेही तोंड उघडले नाही. माझी अब्रू राखली त्याने. कोणाच्या जिवावर?

पुष्पा शिवण शिकली. लग्न झाले. बाजारात ब्लाउज शिवते. तिच्या दुकानावरून जायला नको म्हणून मी कैक वर्षे लांबचा रस्ता धरला. आता पाय दुखतात.

गेल्या उन्हाळ्यात दहावी झालेल्या लेकीला घेऊन ती पुन्हा माझ्याच टेबलाशी आली. इतक्या वर्षांनी — माझ्याच!

"काकाजी, हिले फिटर शिकाचं हाय. आता तरी नियम बदलला का?"

दुसरी संधी माणसाला कितीदा मिळते, तुम्हीच सांगा. मी म्हणालो, "बदलला."

"बरं झालं," ती लेकीला म्हणाली. "माह्या वेळी नव्हता. तुह्यं नशीब, पोरी."

मग तिने वाकून मला नमस्कार केला. मी तो घेतला.

लेक आता फिटरच्या वर्गात आहे. इतरांच्या अर्जात या ठिकाणी मी न्यायाची विनंती लिहितो. येथे ती करत नाही. उत्तरही मागत नाही. फक्त नोंद व्हावी की नियम बदललेला नाही. तो तेव्हाही हाच होता.