सिस्टर अजून उठते का?

रेखलालभाऊंना चकवण्यासाठी मी एकदा माझं यंत्र गुपचूप इन्व्हर्टरच्या सॉकेटात लावलं. तुम्ही म्हणाल, एवढंच? हो, एवढंच. पण त्या एका पिनेपायी अर्जुनी मोरगावच्या पलीकडच्या एका आरोग्य केंद्रातून, लेकरं कडेवर घेऊन आलेल्या बायांना लस न मिळताच परत जावं लागलं. तेव्हा माझं वय काही अल्लड नव्हतं. चाळिशी ओलांडली होती, मुलं कॉलेजात होती. जुना डिप्लोमा ट्रंकेतून काढून मी रेखलालभाऊंकडे पुन्हा नोकरीला लागले होते आणि प्रोग्रॅमिंगचा एक क्लास करून स्वतःला मोठी इंजिनियर समजत होते. आज ती बाई मला रस्त्यात भेटली तर मी तिचा कान धरीन.

रेखलालभाऊ आमगावचे पोवार. घरी धानाची शेती. शिकून मोठ्या शहरातल्या कंपनीत पुष्कळ वर्षं काढली आणि एक दिवस सगळं सोडून परत आले. गोंदियाजवळच्या मुर्रीला एका राईस मिलच्या मागे दोन खोल्या घेऊन छोटी यंत्रं बनवायला लागले. धान वाळवणाऱ्या ड्रायरचं तापमान लिहून ठेवणारं यंत्र, तलावाच्या पाण्याची पातळी लिहून ठेवणारं यंत्र, असं काहीबाही. सगळ्यांचं मूळ काम एकच होतं. पाहायचं आणि लिहून ठेवायचं.

त्यांची एक खोड होती. आम्ही चहा पीत बसलेले असू, कोणाचं तरी यंत्र टेबलावर चालू असे, आणि हे बोलता बोलता हात लांब करून त्याची पिन उपटत. वर मोठ्यानं ओरडत, "गेली लाईट!" मग बशीतला चहा शांतपणे संपवून पिन पुन्हा लावत. "आली लाईट! आता सांग बेटा, काय काय आठवते तुले?" यंत्राला आधीचं सगळं आठवलं तर ते त्याच्या डब्यावर थाप मारत. नाही आठवलं तर बनवणाऱ्याकडे पाहत. शिव्या परवडल्या असत्या, ते पाहणं नको वाटे. गोंदियात खरोखरची लाईट गेली की सारी गल्ली शिव्या घाली. एकटे रेखलालभाऊ खूश होत. "फुकटची परीक्षा हाये, बाई. द्या."

त्यांचं खरं काम मात्र डोळ्यांना दिसत नसे. अशा यंत्राच्या पोटात नखाएवढी चिप असते. त्या चिपवर कोणती नोंद कुठे ठेवायची, ती पुन्हा कशी शोधायची, हे सांभाळणारी एक व्यवस्था लागते. फाईल सिस्टीम म्हणतात तिला. मोठ्या कॉम्प्युटरात तिचा पसारा प्रचंड असतो. आमच्या यंत्रात तेवढी जागाच नव्हती, म्हणून रेखलालभाऊंनी स्वतःची लिहिली होती. ती वापरायला आम्हाला चारच हुकूम दिले होते. उघड, लिही, वाच, बंद कर.

मला तो गरिबीचा संसार वाटला. मी म्हटलं, "भाऊ, निदान फोल्डर तरी द्या."

"कायले?"

"फाईलचं नाव बदलायची सोय?"

"कायले?"

"अहो, सगळीकडे असते!"

"सगळीकडे असते म्हणून घरात उंट बांधता का, बाई? एक एक सोय म्हणजे बिघडायची एक एक जागा. जे पाह्यजेच हाये, तेच ठेवा."

गिऱ्हाइकांनाही तेच उत्तर. एका मिलवाल्या सेठनं विचारलं, "भैया, इसमें मोबाइल का ऐप नहीं है? रंगीन स्क्रीन नहीं?" तर हे म्हणाले, "सेठजी, अभी इसको सच बोलना सिखाया हूँ. नाचना बाद में सिखाएँगे." सेठ हसला आणि यंत्र घेऊन गेला.

मग लसीच्या फ्रिजचं यंत्र माझ्याकडे आलं. काम साधं होतं. फ्रिजचं तापमान थोड्या थोड्या वेळानं लिहायचं. लाईट गेली की फ्रिजबरोबर यंत्रही बंद पडणार. पण लाईट आल्याबरोबर त्यानं सर्वांत आधी तापमान घेऊन लिहायचं. बंद फ्रिज तापतच जातो, म्हणजे तो पहिला आकडाच सर्वांत वाईट आकडा. तो ठीक असेल तर लस ठीक. रेखलालभाऊंचा दंडक होता की प्रत्येक नोंदीला फाईल उघडायची, लिहायची आणि लगेच बंद करायची. बंद केल्याशिवाय लिहिलेलं चिपवर पक्कं उतरत नसे. मला ते दर घासाला हात धुण्यासारखं वाटलं. मी हुशारी केली. फाईल सकाळी उघडायची, दिवसभर लिहीत राहायचं आणि रात्री एकदाच बंद करायची. यंत्र कसं भरभर चालायला लागलं! फक्त चहाच्या वेळी ते रेखलालभाऊंच्या परीक्षेत नापास होणार हे मला माहीत होतं. म्हणून मी त्याच्या आत एक जास्तीची वायर टाकून ती टेबलामागून इन्व्हर्टरला जोडली. त्यांनी पिन उपटली, ओरडले, चहा प्यायले. यंत्राला सगळं आठवत होतं. त्यांनी डब्यावर थाप मारली आणि मी लाजल्यासारखं केलं.

आरोग्य केंद्रातल्या सिस्टरचं नाव वनिता. लाईट आली-गेली की हातातलं काम टाकून ती उठायची आणि फ्रिजमधला थर्मामीटर पाहून यायची. जेवतानासुद्धा. यंत्र बसवून झाल्यावर मी मोठ्या रुबाबात म्हटलं, "सिस्टर, आता लाईट गेली तरी उठायचं नाही. हे सगळं लिहून ठेवेल." तिनं माझ्यावर विश्वास ठेवला.

एका रविवारी तिकडे लाईट दिवसभर येत-जात राहिली. सोमवारी सकाळी फ्रिज चालू होता, थंडही होता, पण मधल्या वेळात किती तापला होता हे सांगायला यंत्राकडे एकही नोंद नव्हती. दर वेळी लाईट आली, यंत्रानं लिहिलं, आणि फाईल बंद व्हायच्या आत लाईट पुन्हा गेली. मोठ्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, नोंद नसेल तर ही लस वापरायची नाही. त्या दिवशी लसीकरण होतं. बाया जंगलातल्या वाटेनं चालत आल्या होत्या. मी आणि रेखलालभाऊ पोहोचलो तेव्हा त्यातल्या काही फाटकाशी बसूनच होत्या.

वनिता सिस्टरनं यंत्र काढून, पुसून, आमच्या हातात ठेवलं. "घेऊन जा बाई हे. म्या उठत होती तेच बरं होतं. आता या बाया पुढच्या खेपेले येतीन का? तुम्ही जासान का त्यायच्या घरी सांगाले?"

परतीच्या बसमध्ये मी रेखलालभाऊंना सगळं सांगून टाकलं, इन्व्हर्टरचंही. ते खिडकीबाहेर पाहत राहिले. मला वाटलं, गोंदियात उतरल्यावर नोकरी गेली.

मग म्हणाले, "इन्व्हर्टरची बदमाशी तुमची. ते मी माफ नाई करत. पण माणूस बंद कराले इसरते, कंटाळते, हे मले मालूम होतं. तरीबी 'बंद कर' हा हुकूम मी तुमच्या हाती देलो. ते माही गलती. उद्या तो हुकूम काढून टाकू."

आणि खरंच काढला. कित्येक दिवस ते त्याच कामाला लागले होते. नव्या रचनेत प्रत्येक नोंद आपली आपण पूर्ण होई. ती आधी मोकळ्या जागी पुरती लिहायची, नीट उतरली का ते तपासायचं, आणि मगच खरी मानायची. मधेच लाईट गेली तर अर्धी नोंद टाकून द्यायची, जुन्या नोंदींना धक्का नाही. तीन हुकूम उरले. माझ्यासारख्या शहाणीला चूक करायला जागाच राहिली नाही. माझ्या टेबलावरची पिन ते रोज उपटत, आणि आधी वाकून टेबलामागे पाहून घेत.

यंत्र परत घ्यावं म्हणून वनिता सिस्टरला राजी करायला फार दिवस लागले. "ठेवा तुमचं," ती शेवटी म्हणाली, "पण म्या उठीनच." तेव्हापासून रेखलालभाऊंना एकच चिंता. यंत्रं पार दूरदूर गेली, लोक नावाजू लागले, तरी अर्जुनीकडे फोन झाला की मला विचारायचे, "सिस्टर अजून उठते का?" मी म्हणायची, उठते. ते मान हलवायचे. "मंग काम बाकी हाये."

पुढे त्यांना पोटाचं दुखणं जडलं. नागपूरच्या खेपा झाल्या आणि डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. मी आमगावला भेटायला गेले तेव्हा ते उशीला टेकून बसले होते, हातांच्या काड्या झाल्या होत्या. खोलीतला पंखा बंद पडला. ते ओठातल्या ओठात म्हणाले, "गेली लाईट." आम्ही दोघंही हसलो. मग त्यांनी विचारलं, "सिस्टर उठते का अजून?"

मी कितीतरी महिन्यांत तिकडे फोनच केला नव्हता. सवयीनं बोलून गेले, "उठतच असेल, भाऊ."

"मंग बाकी हाये," ते म्हणाले आणि डोळे मिटून पडून राहिले. धान कापणीला आलं तेव्हा ते गेले.

आता मी आजी झाले आहे. नातीच्या कॉम्प्युटरची पिन उपटते, ती किंचाळते, आणि मी विचारते, "सांग, काय काय आठवतं त्याला?" घरात मला चक्रम म्हणतात. म्हणू देत.

रेखलालभाऊ गेल्याचं सांगायला मी तेव्हा अर्जुनीकडे स्वतः गेले होते. फोनवर सांगवेना. वनिता सिस्टरचे केस पिकले होते. ऐकून ती बराच वेळ पदरानं चष्मा पुसत राहिली, मग तिनं चहा ठेवला. आम्ही कप हातात घेतले आणि लाईट गेली. फ्रिजची घरघर थांबली. यंत्राचा हिरवा दिवा विझला. मी सवयीनं तिच्याकडे पाहिलं. ती फुंकर मारून चहा पीत होती.

मी म्हटलं, "सिस्टर, उठत नाही?"

"आता कायले उठू, बाई? लाईट आली का तुमचं यंत्र पयले लिहिते, मंग फ्रिज घरघरते. कईपासून उठणं सोडलं ते मलेच आठवत नाई. तुम्ही चहा प्या, थंडा होऊन राहिला."