रिलीव्हर येईपर्यंत

जगातले सगळे समुद्र पालथे घालूनही ज्याच्या पायाला समुद्राचं पाणी लागलेलं नव्हतं, असा माणूस या पृथ्वीवर एकच असेल आणि तो आमच्या डोक्यावर राहायचा. डोक्यावर म्हणजे अक्षरशः, सिंगापुरातल्या जुरोंग ईस्टच्या आमच्या इमारतीत, बरोब्बर आमच्या वरच्या फ्लॅटमध्ये. जहाजावर चीफ इंजिनियर म्हणून त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली. गुडघे कुरकुरायला लागल्यावर इथल्या एका जहाज कंपनीने त्यांना ऑफिसात आणून बसवलं, आणि तिथूनही रिटायर व्हायची वेळ आली तरी अख्खी इमारत त्यांना चीफसाहेबच म्हणत होती. खाली कोपी, म्हणजे इथली कॉफी, विकणारा चिनी काकासुद्धा. मी वन-नॉर्थ भागातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहितो. ज्या कामात हाताला तेल लागत नाही ते कामच नव्हे, अशी त्यांची पक्की समजूत असल्यामुळे त्यांनी माझं नाव कधी उच्चारलं नाही. "काय सॉफ्टवेअर, आज काही काम केलंस की नुसतंच टायपिंग?" असं ते भरलेल्या लिफ्टमध्ये मोठ्याने विचारत, आणि मी हसून माझ्या बुटांकडे बघत असे.

चालणाऱ्या कुठल्याही यंत्रावर हात ठेवल्याशिवाय त्यांना पुढे जाता येत नसे. लिफ्टच्या भिंतीवर, दुकानातल्या फ्रीझरवर, एमआरटी रेल्वेच्या दारावर ते तळहात ठेवून डोळे मिटत आणि "गरम चाललंय" किंवा "ठीक चाललंय" असा निकाल देत. एकदा आमच्याकडे चहाला आले असताना त्यांनी आमच्या वॉशिंग मशीनवर हात ठेवला आणि त्यांचा चेहरा पडला. "बेअरिंग गेलंय." नको नको म्हणत असताना त्यांनी ते मशीन खोललं. आत माझ्या मुलीची एक केसांची क्लिप सापडली, बेअरिंग ठणठणीत होतं. पण पुन्हा जोडल्यावर मूठभर स्क्रू उरले. "कंपनी उगाच जास्तीचे लावते," असं म्हणून चीफसाहेबांनी ते खिशात टाकले. तेव्हापासून आमचं मशीन कपडे उत्तम धुतं, फक्त पिळायला लागलं की स्वयंपाकघरातून हॉलच्या दिशेने चालायला लागतं. आम्ही त्याला वाट देतो.

घराबाहेर पडायचं तर आधी 'स्टँड-बाय' पुकारायचा, हा त्यांचा दुसरा नियम. जहाजाचं इंजिन एकदम सुरू करत नाहीत, आधी सगळ्यांना तयारीत उभं करतात, तसंच बाजारात जायचं असलं तरी ते दिवाणखान्याच्या मध्यभागी उभे राहून गर्जना करत, "स्टँड-बाय!" आणि आतून त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, तितक्याच शांतपणे म्हणत, "ऐकलं हो, पिन सापडत नाहीये."

पण या सगळ्यांवर कळस म्हणजे त्यांची कामाची पाळी. इंजिन रूममध्ये आपल्या जागी दुसरा माणूस, म्हणजे रिलीव्हर, आल्याशिवाय आपण जागा सोडायची नाही, हे त्यांच्या रक्तात इतकं भिनलं होतं की ते घरीही सुटलं नाही. एकदा मी किल्ली विसरून बाहेर अडकलो. नुसत्या मोज्यांवर, फोन हातात घेऊन वर गेलो आणि बेल वाजवली. आतून आवाज आला, "कोण?"

"मी आहे, चीफसाहेब. दार उघडा ना."

"नाही उघडता येणार. दूध तापतंय."

"अहो, दोन पावलांवर दार आहे!"

"दोन पावलांत बॉयलर फुटतात, सॉफ्टवेअर. ही अंघोळीला गेलीय. रिलीव्हर येऊ दे."

वहिनींची अंघोळ आटोपेपर्यंत मी बाहेर चपलांच्या रॅकशेजारी उभा होतो. दूध मात्र उतू गेलं नाही, हे कबूल करायला पाहिजे.

तर अशा माणसाने समुद्राला पाय का लावला नसेल, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर आम्ही पुष्कळदा एकत्र जायचो. चीफसाहेब पायात जाडजूड सेफ्टी शूज घालून पक्क्या वाटेवरच्या बाकावर बसत आणि दूर नांगरलेल्या जहाजांच्या धुराचा रंग बघून आतल्या इंजिनियरला शिव्या देत. वहिनी वाळूत चपला काढून पाण्यापासून हातभर अंतरावर उभ्या राहत. त्या कऱ्हाडच्या. लग्न होईपर्यंत त्यांनी समुद्र पाहिला नव्हता, आणि पाहिला तेव्हा त्याने पहिल्याच लाटेत त्यांना पाडून त्यांची नवी साडी वाळूने भरली. तेव्हापासून एकटीने पाण्यात उतरायचं नाही, हे त्यांनी ठरवून टाकलं. त्यांना फक्त हात धरायला कोणीतरी हवं होतं. आमची ही किंवा मुलगी हात पुढे करायची, पण वहिनी मान हलवायच्या. "नको गं. हे येतील कधीतरी."

आणि 'हे' येण्याचं एक आश्वासनच होतं. फार वर्षांपूर्वी चीफसाहेबांचं जहाज स्पेनच्या दक्षिणेला मालागा बंदराबाहेर थांबलेलं असताना त्यांनी डेकवरून दुर्बिणीतून शहर पाहिलं. भर वस्तीत किनारा, मागे इमारती, रस्ता, माणसं भाजी घेऊन घरी चाललेली, आणि दगडी बांधांच्या आत पाणी इतकं शांत की एक म्हातारा-म्हातारी हात धरून त्यात नुसती उभी होती. फोनवर त्यांनी हे वहिनींना सांगितलं आणि वर म्हणाले, "तुला दाखवीन एकदा." बोलून ते विसरले. वहिनी विसरल्या नाहीत.

आता रिटायर झाल्यामुळे त्यांचा इथे राहायचा पास संपत आला होता. सिंगापूरचं बिऱ्हाड आवरून दापोलीजवळच्या त्यांच्या गावी कायमचं जायचं ठरलं होतं. वहिनींनी शांतपणे जाहीर केलं, "आधी मालागा, मग दापोली. तुमच्या गावच्या लाटांत मी काही उतरायची नाही. आत्ता राहिलं तर राहिलंच." सिंगापूरहून दापोलीला जाताना वाटेत स्पेन लागतं, हे भूगोलाच्या कुठल्याही पुस्तकात बसणारं नव्हतं, पण चीफसाहेबांना तेवढी एक गोष्ट खटकली नाही. बाकी सगळं खटकलं.

आमच्या हॉलमध्ये रोज संध्याकाळी बैठका व्हायला लागल्या. खालून कोपी यायची आणि चीफसाहेब हरकती काढायचे. वारा कुठल्या महिन्यात कुठून असतो? जेलीफिश येतात का? तळाला वाळू आहे की चिखल? मी वैतागून म्हटलं, "तिथे तुम्हाला नांगर टाकायचाय का?" त्यांनी ते मनावर घेतलं नाही. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नसते हे लक्षात आल्यावर तर त्यांना नवीनच जोर चढला. "भरती नाही, ओहोटी नाही, तो समुद्र की बादली?"

माझ्या मुलीने फोनवर तिथले फोटो दाखवले. किनाऱ्यावरच होडीत वाळू भरून त्यात विस्तव करतात आणि मासे काठीला टोचून भाजतात. चीफसाहेबांनी चष्मा वर करून पाहिलं. "ही तर तारली! तारली खायला स्पेनला जायचं? माझ्या गावात मांजरंसुद्धा तारलीला नाक मुरडतात."

"अंकल, डोन्ट थिंक सो मच. जस्ट गो लाह!" मुलगी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

"गो काय गो? आधी पॅसेज प्लॅन, अख्खा मार्ग कागदावर, मग गो."

वहिनी लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुम्ही दाखवीन म्हणाला होतात."

"दाखवीन म्हणालो होतो ना? दाखवतो की. रस्त्यावर बाक आहेत, तिथून दाखवतो. पाण्यात उतरेन असं कुठे म्हणालो होतो?"

वहिनींनी सोललेला लसूण वाटीत टाकला, वाटी उचलली आणि त्या वर निघून गेल्या. चीफसाहेबांनी उठून आमच्या पंख्याच्या बटणावर हात ठेवला, काही निकाल न देता काढून घेतला, आणि तेही गेले. मला त्या दिवशी त्यांचा खराच राग आला होता. बायकोचं एवढंसं मागणं, आणि हा माणूस शब्दांचा कीस पाडतोय!

पुढची बैठक वहिनींनी बोलावली. आम्ही वर गेलो तर त्या दिवाणखान्याच्या मध्यभागी, अगदी नवऱ्याच्या जागेवर उभ्या होत्या. "स्टँड-बाय," त्या म्हणाल्या. "तिकिटं काढलीत." आमची ही त्यांच्या मागे उभी राहून निर्लज्जपणे हसत होती, त्यावरून कट कुठे शिजला ते मला कळलं. चीफसाहेब खुर्चीत बसले. जहाजावर त्यांना कोणी अशी ऑर्डर दिली असती तर त्यांनी कप्तानाचाही मुलाहिजा ठेवला नसता. इथे ते एवढंच पुटपुटले, "मग सी-ट्रायल घ्यावी लागेल."

नवं जहाज ताब्यात घ्यायच्या आधी समुद्रात नेऊन चालवून बघतात, ती सी-ट्रायल. त्या रविवारी संध्याकाळी आमची वरात ईस्ट कोस्टला पोचली. चटई, छत्री, थर्मास, मलमं, टॉवेल आणि कशासाठी ते न कळलेला एक लांबलचक दोर, असं सगळं चीफसाहेबांनी वाळूवर मांडून तपासलं. छत्री उघडली, मिटली. थर्मासवर हात ठेवून पाहिला. मग तपासायला काही उरलं नाही. तेवढ्यात वहिनी साडी जराशी उचलून पुढे झाल्या आणि इतक्या वर्षांत प्रथमच त्यांनी पाण्यात पाऊल टाकलं. घोटाही भिजला नव्हता. तिथे उभ्या राहून त्यांनी मागे हात केला.

"या ना हो."

चीफसाहेब पाण्यापासून चार पावलांवर, बुटांत, जागच्या जागी उभे.

"चीफसाहेब," मी म्हटलं, "पाण्याला भिताय की काय?"

"भितो कसला!" ते एवढ्या जोरात ओरडले की शेजारी पतंग उडवणारं कुटुंब वळून बघायला लागलं. मग आवाज खाली आला. "आई सांगायची. वडील लाँचवर होते आमचे. घरची चूल समुद्रावर चालते, त्याला मजेसाठी पाय लावायचा नाही. अन्नाला लावतो का पाय? पुस्तकाला लावतो? मी तर आयुष्यभर याचंच खाल्लं."

"अहो, पण कोळी रोज उतरतात पाण्यात," मी म्हटलं.

"ते कामाला उतरतात, सॉफ्टवेअर. कामाला उतरताना पाय लागला तर तो चालतो. मजेला नाही."

एवढ्या हरकती, वारा, जेलीफिश, चिखल, सगळं यासाठी होतं तर. त्यांना हे सांगायची लाज वाटत होती, आणि आईचा शब्द मोडायची त्याहून जास्त. माझा राग कुठल्या कुठे गेला. आता वहिनी समजूत घालतील, जुन्या गोष्टी सोडा म्हणतील, असं मला वाटलं. पण त्या बाई कऱ्हाडच्या. हात तसाच मागे धरून त्या म्हणाल्या,

"मग कामाला या. मला धरायचं काम आहे."

चीफसाहेबांनी यावर नीट विचार केला. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या एक-एक करून सरळ झाल्या.

"ड्यूटी?"

"ड्यूटी."

त्यांनी बूट काढले, मोजे काढून त्यांच्या व्यवस्थित घड्या केल्या आणि बुटांत ठेवल्या. उन्हापावसापासून जन्मभर लपवलेले ते पाय सोललेल्या बटाट्यासारखे दिसत होते. पाण्याजवळ जाऊन ते वाकले, ओंजळ भरून डोळ्यांना लावली, चुकून कोणाला पाय लागल्यावर आपण करतो तसा नमस्कार केला आणि आत जाऊन वहिनींचा हात धरला. मग मोकळ्या हाताचा तळवा त्यांनी पाण्यावर टेकवला, डोळे मिटले आणि निकाल दिला, "ठीक चाललंय."

वहिनींनी आमच्याकडे तोंड वळवलं नाही. त्यांचे खांदे हलत होते. त्या हसत होत्या की रडत होत्या, ते मी आमच्या हिला विचारलं, तर तिनेही टॉवेलात तोंड खुपसलं होतं.

चांगीला त्यांना सोडायला आम्ही गेलो तेव्हा आणखी एक गोष्ट झाली. आपल्याकडे 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. वहिनींनी हा शब्द संसारभर दारात उभं राहून ऐकला होता. या वेळी चीफसाहेबांनी मला "येतो रे, सॉफ्टवेअर" म्हटलं आणि त्यांच्या शेजारी ट्रॉली धरून उभ्या असलेल्या वहिनी म्हणाल्या, "येतो आम्ही, भावजी." म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जे काही होतं ते बघून मला फार बरं वाटलं. ती दोघं परत इथे येणार नव्हती, हे ट्रॉली दिसेनाशी झाल्यावर लक्षात आलं.

चार दिवसांनी संध्याकाळी मी ऑफिसातून येऊन बसलो होतो आणि वहिनींचा फोन आला. तिकडे दुपार होती. मागे माणसांचा, भांड्यांचा, कुठेतरी मासे चरचरल्याचा आवाज.

"कसा आहे समुद्र?"

"अगदी कृष्णेच्या घाटासारखा शांत. पण भावजी, तुम्ही जरा यांच्याशी बोला. मला भूक लागलीय, मी केव्हाची वर वाळूवर येऊन बसलेय. हे पाण्यातून बाहेर यायला तयार नाहीत."

"का?"

"म्हणतात, रिलीव्हर आलेला नाही."

मी वहिनींना म्हटलं, भूक मारा आणि तुम्हीच परत आत जा. त्या म्हणाल्या, "जातेच," आणि फोन चालू ठेवूनच गेल्या बहुतेक, कारण मला बराच वेळ नुसतं पाणी ऐकू येत होतं.

वरच्या फ्लॅटमध्ये आता एक शांत कोरियन जोडपं राहतं. कोणी गर्जना करत नाही. रविवारी आमचं मशीन कपडे पिळत हॉलकडे निघालं की आमची ही म्हणते, नवीन घेऊन टाकू या. मी त्याच्यावर तळहात ठेवतो, डोळे मिटतो, आणि ते थांबेपर्यंत हात काढत नाही.