कागदाला दृष्ट लागत न्हाई

सुमनअक्का परीक्षा संपल्याबिगर घरातलं पाणीबी घ्यायच्या न्हाईत. नौबादहून बसनं निर्ण्याला यायच्या, घामानं चिंब, आन् दारातच म्हणायच्या, "आधी काम. पाहुणचार घेतला की माझे डोळे मऊ पडतात."

बाळंतिणीच्या घरी जाऊन लेकरं तपासायचं काम आमच्या गावात निघालं व्हतं. मी आठवी शिकलेली, पोटुशी, पर मला ते काम पायजेच व्हतं, आन् द्यायचं का न्हाई ते अक्काच्या हातात. त्यांच्याजवळ माझ्या परीक्षेचा तक्ता असायचा. हात धुतले का, ताप बघितला का, वजन नीट लिहिलं का. "सांगू नको गं, करून दाव. दिसलं तेवढंच मी लिहिणार."

त्या गप बसल्या की घर पाण्याखाली गेल्यावानी वाटायचं. झोळीच्या काट्याला शेजारच्या शांताचं लेकरू हळूहळू झुलायलं, पत्र्यातलं ऊन त्याच्या पोटावरून फिरायलं, आन् मी बघतच राहिले. काटा तीन किलोवर थांबला. शांताच्या सासूनं डोळे वटारले. आमच्यात तान्ह्याचं खरं वजन मोठ्यानं कोणी बोलत न्हाई, दृष्ट लागती. मी "अडीच" म्हणले आन् घाबरून तेच लिहिलं.

बाहेर अक्कांनी तक्ता दाखवला. सगळीकडं बरोबरची खूण, वजनापुढं 'अजून न्हाई'.

"एकाच ठिकाणी चुकलं की अक्का! पोटुशी हाय मी, बघा तरी."

"बघायले की. पर तक्त्यात पोटाचा रकाना न्हाई. अडीच कामून लिहिलीस?"

मी सांगितलं. त्या हसल्या न्हाईत. "मग तोंडानं बोलू नको. कागदाला दृष्ट लागत न्हाई, तिथं खरं लिही. नापास न्हाईस तू, अजून न्हाई एवढंच. परत येते."

आल्या तवा माझी लेक सव्वा म्हैन्याची. गावात दुसरं तान्हं न्हवतं, म्हणून तीच झोळीत. काटा थांबला. जन्मली तवा जेवढी, तेवढीच! हिला स्वतःची पोर वाढवता येईना, लोकांची कशी द्यायची, असं अक्का म्हणल्या तर? सासू कानात म्हणली, "वाढवून लिही गं, काम जाईल." माझ्या डोळ्यांपुढं काटा लांब झुलायला, आकडे ढगावानी हलायले. मी तोंड मिटून खरं लिहिलं.

अक्कांनी खुणा वाचून दाखवल्या, माझी सही घेतली. "काम तुझं." मग तक्ता पिशवीत घातला, पोरीला पदरात घेतलं आन् वेगळ्याच बाईच्या आवाजात म्हणल्या, "आता मी परीक्षावाली न्हाई. चप्पल घाल. चिटगुप्प्याची बस गाठायची, हिला डॉक्टरला दावायची."

अक्काची आता बदली झालीय. कुठं, कुणी सांगत न्हाई. लेक माझी घरभर पळायलीय. त्या दिवशी डॉक्टरनं पोरीला हात लावायच्या आधी वजनाचा कागद मागितला. मी दिला.